जुन्या फळीचा वरचा थर निघतो, पण फळी बिघडते: समस्या निवारण

लक्षणं आधी. यांतलं एक तरी तुमच्या फळीत दिसत असणारच.

• रंध्याच्या दोन-चार फेऱ्यांतच पातं बोथट होतं. किंवा रंधा फिरवलेल्या जागी केसाएवढी उभी कड राहते आणि प्रत्येक फेरीला तशीच उमटते.
• पॉलिश पेपर दोन मिनिटांत चिकट गोळ्यांनी भरतो आणि घासण्याऐवजी नुसता सरकतो.
• लाकूड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी त्यावर लव उठते, किंवा चिपा उचकटून खड्डे पडतात.
• आज सपाट केलेली फळी चार दिवसांत पन्हळीसारखी वाकते.
• खिळ्यांच्या भोकांभोवती निळे-काळे डाग आहेत. कितीही घासा, ते खाली खाली जातात, नाहीसे होत नाहीत.
• पॉलिशचा हात मारला की मधेच गोल खळगे पडतात, तिथे पॉलिश टिकतच नाही.
• गोंदाने जोडलेला सांधा महिन्याभरात सुटतो आणि सुटताना लाकडाचा एक तंतूही उखडत नाही.

जुन्या दारांच्या फळ्या, छपराचे वासे, मोडक्या कपाटांच्या बाजू, पॅकिंगच्या पॅलेट, असं लाकूड मी बरीच वर्षं वापरतो. वरची सगळी लक्षणं मी स्वतःच्या हाताने निर्माण केली आहेत आणि नंतर इतरांच्या फळ्यांवर पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. कारणं वेगवेगळी असली तरी सवय एकच असते. फळी हाती आली की आपण आधी रंधा नाहीतर सँडर उचलतो. फळी कुठून आली, आत काय आहे, ओली आहे की वाळलेली, हे सगळं नंतर कळतं, आणि तेव्हा निम्मी जाडी भुश्यात गेलेली असते.

म्हणून आधी एक आकडा डोक्यात ठेवा. उन्हातले अतिनील किरण लाकडात साधारण ७५ मायक्रॉनच शिरतात, दिसणारा प्रकाश फार तर २०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिलिमीटर. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन या किरणांनी तुटतं, पावसाने धुपून जातं आणि वर उरतात सैल, करडे तंतू. त्यावर बुरशी बसली की करडा रंग आणखी काळवंडतो. बाहेर उघड्यावर, रंगाशिवाय ठेवलेलं मऊ लाकूडसुद्धा शंभर वर्षांत ढोबळमानाने ६ मिलिमीटर झिजतं. म्हणजे भयाण दिसणाऱ्या फळीचा खरोखर खराब भाग बहुतेक वेळा मिलिमीटरच्या आतच असतो. त्याहून जास्त काढावं लागत असेल, तर कारण करडा थर नसून दुसरंच काहीतरी आहे. ते शोधण्यासाठी खालच्या तपासण्या. आधी फुकटच्या, मग किरकोळ खर्चाच्या, शेवटी कष्टाच्या.

पहिली तपासणी: डोळे आणि नाक

हिला काहीच खर्च नाही, आणि चुकली तर सगळ्यात महाग हीच पडते. एखादं लाकूड घासायचंच नसतं, हे इथेच कळतं.

पॅलेटवर शिक्का शोधा. आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम १५ नावाचा नियम आहे आणि त्याच्या शिक्क्यात गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं. त्याशेजारी 'एचटी' ही अक्षरं असतील तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं आहे. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहील इतकं ते तापवतात. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. एमबीचं लाकूड मी घरात घेत नाही. शिक्काच नसेल तर पॅलेटवर आधी काय सांडलं असेल याचा अंदाज डागांवरून आणि वासावरून घ्यावा लागतो. शंका आली की बाजूला.

लाकडाला हिरवट झाक असेल आणि ते जमिनीत रोवलेल्या खांबाचं किंवा उघड्यावरच्या जोत्याचं असेल, तर त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण मुरलेलं असू शकतं. याचा भुसा श्वासात जाऊ नये आणि त्याचे तुकडे शेकोटीतही घालू नयेत, कारण आर्सेनिक धुरात आणि राखेत उरतं. डांबरासारखा उग्र वास येणारे जुने रेल्वे स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात भिजवलेले असतात. वरचा थर काढला तरी आत तेच असतं. या दोन्ही प्रकारांत पुढच्या तपासण्या करू नका.

जुना रंग असेल तर शिशाचा विचार आधी. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे पिढीभर जुन्या दारावरचा रंग शिशाचा असण्याची शक्यता गृहीत धरायलाच हवी, त्यातही खालच्या थरांत. शिसं ओळखणाऱ्या, रंग बदलणाऱ्या तपासणीच्या काड्या मिळतात. त्यांनी 'आहे' म्हटलं तर ऐका, 'नाही' म्हटलं तर पूर्ण विश्वास ठेवू नका. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. तोपर्यंत असा रंग कोरडा घासायचा नाही आणि ज्योतीने जाळायचा तर मुळीच नाही.

दुसरी: कोरडा ब्रश

रंध्याची धार खाणारी गोष्ट बहुतेक वेळा लाकूड नसते, लाकडाच्या भेगांत बसलेली माती असते. वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, पात्याच्या धारेची तो वाट लावतो. म्हणून रेषांच्या दिशेने कडक ब्रशने फळी खरवडून झाडा, भेगा टोच्याने मोकळ्या करा, मग ओलसर फडक्याने पुसा आणि वाळू द्या. एवढ्यानेच काही फळ्या इतक्या चांगल्या दिसतात की पुढे काही काढूच नये असं वाटतं.

इथे एक चूक मी केली आहे. पोलादी तारांचा ब्रश वापरला. फळी छान उजळली. मग पाण्यातलं पॉलिश मारलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या फळीवर तीळ उठल्यासारखे काळे ठिपके आले. तारांचे सूक्ष्म तुकडे लाकडात रुतून राहतात आणि पाणी लागलं की गंजून डाग पाडतात. पोलादी काथ्याचंही तेच. ब्रश पितळी किंवा नायलॉनचा घ्या. आणि प्रेशर वॉशरचा मोह टाळा. मऊ तंतू तो उपसून काढतो, कडक तसेच ठेवतो, वर फळी गाभ्यापर्यंत भिजते.

तिसरी: टोचा

अणकुचीदार टोचा फळीत दाबा. विशेषतः टोकांना, खिळ्यांच्या भोकांपाशी, आणि जिथे फळी भिंतीला किंवा जमिनीला टेकलेली होती तिथे. चांगल्या लाकडात टोचा थोडासाच जातो, आणि उचकलं तर लांब, धारदार सळ निघते. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात गेल्यासारखा जातो, आणि उचकलं की आडवा, आखूड तुकडा मोडून येतो. तो भाग कापून टाकायचा. घासून कूज संपत नाही.

एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर फळी पांढऱ्या कागदावर आपटा आणि तशीच कागदावर आठवडाभर ठेवा. जुनी भोकं म्हणजे भुंगेरा कधीच उडून गेला, त्याची काळजी नाही. पण कागदावर पिठासारखी ताजी, फिकी भुकटी पडली तर आत अळ्या जिवंत आहेत. ती फळी बाकीच्या लाकडाच्या ढिगात ठेवू नका. हा भुंगेरा बहुधा साल-लाकडात, म्हणजे बाहेरच्या फिक्या पट्ट्यात असतो. गडद गाभा त्याला रुचत नाही. त्यामुळे काही वेळा फिकी कड कापली की प्रश्न मिटतो.

चौथी: लोहचुंबक

माझ्या मते सगळ्यात जास्त पाती हीच तपासणी वाचवते, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच टाळली जाते.

एकदा एका दाराच्या फळीतले सगळे खिळे मी उपटले, भोकं मोजली, खिळे मोजले, हिशेब जुळला. तरी चौथ्या फेरीला खट्‌ असा आवाज आला. डोकं तुटलेला एक खिळा आत होता. वर पुट्टी, पुट्टीवर रंग. त्याचं भोकच दिसत नव्हतं, तर मोजणार कसं? पात्याला टाचणीच्या डोक्याएवढी खाच पडली आणि ती घालवायला धारेच्या दगडावर दीड तास गेला.

तेव्हापासून नियोडिमियमचा छोटा चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळू फिरवतो. दोऱ्याला टांगला की खोलवरचा खिळाही त्याला किंचित ओढतो आणि ते डोळ्यांना दिसतं. हातात धरलेल्या चुंबकाने ते जाणवत नाही. दोन्ही बाजू आणि चारही कडा तपासा. पितळी स्क्रू, ॲल्युमिनियमचे रिवेट चुंबकाला लागत नाहीत, तिथे हातात धरायचा धातूशोधक उपयोगी पडतो. फळ्या बऱ्याच असतील तर तो घेण्यासारखा आहे. निळा-काळा डाग दिसला आणि भोक दिसत नसलं तर आत लोखंड आहे असंच समजा.

तुटलेला खिळा काढायचा तर ज्या बाजूने टोक बाहेर येतं तिथून बारीक पंचने ठोकून डोक्याकडे ढकला. वरून उकरत बसलात तर भोकाभोवतीचं लाकूड चिरडतं. पंचनेही हलत नसेल तर खिळ्याभोवती पोकळ नळीच्या बिटाने छिद्र पाडून तो लाकडासकट काढा आणि त्याच जातीच्या लाकडाची गुटी बसवा. रेषा जुळवून बसवलेली गुटी पुट्टीपेक्षा नेहमीच कमी डोळ्यांत येते.

पाचवी: जुनं पॉलिश कोणतं आहे

पॉलिश पेपर चिकट गोळ्यांनी भरतो तो इथे. घासल्याने उष्णता होते, जुनं पॉलिश मऊ पडतं, पेपरच्या दाण्यांत बसतं. मग आपण जोर लावतो, आणखी उष्णता होते. पेपर बदलून काही होत नाही.

न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर ठेवा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला आलं तर ते लाखेचं, म्हणजे जुनं फ्रेंच पॉलिश. ते स्पिरिट आणि फडक्याने निघतं, पेपरची गरजच नाही. स्पिरिटने काही झालं नाही तर लॅकर थिनर लावून पाहा. त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर तेलाचं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन, तिथे स्क्रेपर किंवा रंग उतरवणारं रसायन. आणि टर्पेंटाइनच्या फडक्यावर पिवळट मळ आला तर वर मेण आहे, ते आधी काढा. या सगळ्या द्रवांच्या वाफा पेट घेतात, तेव्हा खिडक्या उघड्या आणि जवळ ज्योत नको.

रसायन घेताना डब्यावरचं नाव वाचा. मिथिलीन क्लोराइड असलेलं रसायन बंद खोलीत माणसं मारतं. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी त्याच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. त्याच्याशिवायची रसायनं हळू काम करतात. चालू द्या.

सहावी: ओल, आणि थोडा धीर

'जुनं लाकूड म्हणजे वाळलेलं लाकूड' हे अर्धंच खरं आहे. दोनशे वर्षांचा वासासुद्धा महिनाभर पावसात पडून राहिला तर ओला होतो. घरात वापरायच्या लाकडात साधारण ८ ते १२ टक्के ओल बसते. १५-१८ टक्क्यांवरची फळी सपाट केली तर ती पुढे आक्रसणारच, आणि सगळीकडे सारखी आक्रसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच वर्तुळांना आडव्या दिशेने. फळीची पन्हळ होते ती या फरकामुळे.

दोन सुयांचा ओलमापक असेल तर फळीच्या मधोमध, टोकापासून हातभर आत मोजा. टोकं नेहमी जास्त कोरडी असतात आणि फसवतात. मापक नसेल तर वजनकाटा पुरतो. फळीचं वजन पेन्सिलने तिच्यावरच लिहा, आठवड्याने पुन्हा करा. वजन घटत असेल तर फळी अजून वाळते आहे. आकडा दोन-तीन आठवडे हलला नाही की ती त्या खोलीशी जुळली. तोवर फळ्यांच्या मधे २०-२५ मिलिमीटर जाडीच्या सारख्या पट्ट्या, एकाखाली एक येतील अशा ठेवून थप्पी करा. पट्ट्या वेड्यावाकड्या ठेवल्या तर फळ्याही तशाच वाळतात.

सातवी: दोन्ही बाजूंनी, थोडं थोडं

चार दिवसांत फळी वाकण्याचं कारण ओल नसेल तर बहुधा हे असतं, आणि याबाबत मी थोडा हट्टी आहे.

जुन्या फळीच्या दोन्ही बाजू वर्षानुवर्षं ताणाच्या एका समतोलात असतात. तुम्ही दिसणारी बाजू चार मिलिमीटर काढता आणि मागची तशीच ठेवता. आता एक बाजू ताजी, उघड्या छिद्रांची. ती हवेतली ओल पटकन घेते, पटकन सोडते. दुसरी जुन्या रंगाने, मळाने बंद. शिवाय एका बाजूचा ताण गेला, दुसरीचा राहिला. फळी वाकणार नाही तर काय करेल? माझ्या पहिल्या टेबलाची वरची फळी अशीच गेली. वरून आरसा, खालून जुना रंग तसाच, 'कोण बघतंय खाली' म्हणून. पंधरा दिवसांत तिच्यात पाणी साठलं असतं.

म्हणून आधी दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे बघा. कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे, आणि उंच कोपरे कुठले तेही कळतं. तेवढेच कोपरे उतरवा. मग एका बाजूने अर्धं, दुसऱ्या बाजूने अर्धं. लागणाऱ्या जाडीपेक्षा २-३ मिलिमीटर जास्त ठेवून थांबा आणि फळी पट्ट्यांवर तीन-चार दिवस ठेवून द्या. ती जे काही वाकायचं ते वाकेल. मग शेवटचा हात. जाड वासा चिरून फळ्या काढल्या असतील तर हे टाळताच येत नाही, कारण आतलं ओलसर लाकूड पहिल्यांदाच हवेला लागतं.

फळी लांब आणि पीळ मोठा असेल तर ती सपाट करायचा हट्ट सोडा, कापून आखूड करा. दोन मीटरच्या फळीतला पीळ काढायला जिथे १० मिलिमीटर जातात, तिथे तिचेच चार तुकडे दोन-तीन मिलिमीटरमध्ये सरळ होतात. खुर्चीची पाठ किंवा खणाचा दर्शनी भाग करायला दोन मीटर लागतात कुठे!

आठवी: धार आणि रेषांची दिशा

इथवर सगळं ठीक असूनही चिपा उचकटत असतील तर दोष हाताकडे आला.

रेषा फळीच्या कडेवरून वाचतात. पण जुन्या फळीची कडही मळलेली असते, तेव्हा आधी वीतभर कड रंधून उघडी करा. रेषा ज्या दिशेला वर चढत जातात त्या दिशेने रंधा चालवा. गाठीपाशी रेषा उलटतात, तिथे दोन्हीकडून गाठीकडे या किंवा रंधा तिरका धरा. पात्याच्या पाठीवर चिपा मोडणारी जी दुसरी लोखंडी पट्टी असते ती धारेच्या अगदी जवळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा. चीप उचकटायच्या आत ती मोडते. सालपट वर्तमानपत्राच्या कागदाइतकं पातळ निघायला हवं. पातं मनगटावरचे केस कापत नसेल तर आधी धार लावा. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. तिथे तक्रार न करता दर थोड्या वेळाने दगडाकडे जायचं.

रंधा काही केल्या जमत नसेल तर कार्ड स्क्रेपर घ्या. पोलादाचा नुसता चौकोनी पत्रा, कडेला बारीक वळण दिलेलं. उलट्या रेषांवर आणि गाठींवर त्याला तोड नाही. जुन्या लाकडासाठी एकच हत्यार ठेवायला सांगितलं तर मी हेच ठेवीन.

पॉलिश पेपर शेवटी. ८० नंबर, मग १२०, मग १५० किंवा १८०, मधला नंबर न गाळता. आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही हे बघायला प्रत्येक टप्प्याआधी पेन्सिलने फळीवर हलक्या रेघा मारा. रेघा गेल्या की टप्पा संपला. पेपरमागे कडक लाकडी ठोकळा हवाच. बोटांनी किंवा स्पंजने घासलं तर वर्तुळांमधला मऊ भाग खोल जातो, कडक भाग वर राहतो आणि फळी पत्र्याच्या छपरासारखी खालीवर होते. ग्राइंडरला पेपरची चकती लावून थर उडवणारे खूप दिसतात. सपाट पृष्ठभागावर त्याने जे खळगे पडतात ते काढायला थर काढण्यापेक्षा दुप्पट लाकूड जातं.

मास्क चांगल्या दर्जाचा, घट्ट बसणारा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं आहे. जुन्या फळीच्या भुश्यात त्याशिवाय काय काय असतं ते वर आलंच.

नववी: काळे डाग

लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की निळा-काळा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतकं ज्या शाईने लिहिलं गेलं तिच्यामागेही हीच क्रिया. म्हणून हे डाग घासून जात नाहीत. शाई जिथवर मुरली तिथवर लाकूड काढावं लागेल. ओक, बाभूळ अशा टॅनिनवाल्या लाकडात ते ठळक, पाइनमध्ये क्वचित.

उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. आधी आतलं लोखंड काढा, नाहीतर डाग परत येतो. एक लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. फक्त डागावर न लावता पूर्ण फळीला लावा, नाहीतर डागाच्या जागी फिका चट्टा दिसतो. तासाभरात रंग उतरतो. मग भरपूर पाण्याने दोन-तीनदा पुसा, वाळू द्या. हे विष आहे: हातमोजे, चष्मा, आणि वाळलेल्या पांढऱ्या भुकटीवर थेट पॉलिश पेपर नको, ती घशाला आणि फुप्फुसांना जाळते. कपडे पांढरे करणारं क्लोरीनचं ब्लीच याच्याबरोबर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डाग बुरशीचा असेल तर ऑक्झॅलिकने जात नाही. ओळखायला कोऱ्या, काही न लावलेल्या जागेवर ब्लीचचा एक थेंब टाका. बुरशीचा डाग फिका पडतो, लोखंडाचा जागचा हलत नाही. थेंब टाकलेली जागा धुऊन, वाळवूनच पुढे जा.

दहावी: पाण्याचा थेंब

गोंद किंवा पॉलिश लावायच्या आधी, दहा सेकंदांचं काम. तयार पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका. तो पसरला आणि मुरला तर लाकूड ताजं, छिद्रं उघडी. मण्यासारखा उभा राहिला तर मेण, तेल, सिलिकॉन किंवा जुनं पॉलिश अजून आत आहे आणि गोंद धरणार नाही. एक पातळ सालपट आणखी काढा आणि पुन्हा टाका. सागासारख्या तेलकट लाकडाला सांध्याच्या जागी ॲसिटोनने पुसा आणि तो उडाला की लगेच गोंद लावा, तेल पुन्हा वर यायच्या आत. रंधलेल्या कडा त्याच दिवशी जोडा. हवेत पडून राहिल्या की त्याही बोथट होतात, म्हणजे गोंदाच्या दृष्टीने.

पॉलिशमध्ये गोल खळगे पडण्याचं कारण बहुधा सिलिकॉन, फर्निचर चमकवणाऱ्या फवाऱ्यांतून मुरलेलं. घासून ते पसरतं. फळीला मेण काढून टाकलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या. तो मधे भिंतीसारखा उभा राहतो, त्यावर बहुतेक पॉलिश बसतात.

प्लेनर मशीन

हे सगळं झाल्यावर, आणि फळ्या पाच-सहापेक्षा जास्त असतील तरच. मशीनचं पातं खिळ्याला लागलं की नुकसान पात्यापुरतं राहत नाही, तुकडा माणसाकडे उडतो. म्हणून मशीनजवळ जायच्या आधी चुंबक आणि धातूशोधक पुन्हा एकदा फिरवा. प्लेनरमध्ये पीळ निघत नाही, फळी दाबली जाऊन पिळासकट सारख्या जाडीची होते. आधी एक बाजू हाताने किंवा जॉइंटरवर (बाजू सपाट करणाऱ्या यंत्रावर) सपाट हवी. ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकडे बहुतेक यंत्रांत घालू नयेत.

थांबून जाणत्या माणसाला बोलवायचं ते असं

वासा किंवा तुळई अजून वजन पेलत असेल, किंवा काढून पुन्हा वजनाखाली घालायची असेल, तर टोचा आत जाताच हात आवरा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वरचा थर किती काढला तर ती कमकुवत होईल हे डोळ्यांनी कळत नाही.

रंगात शिसं निघालं आणि काम एका फळीपुरतं नसून दारं-खिडक्यांचं असेल, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर ते काम शिशाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं. ओलं खरवडणं ठीक आहे, पण धूळ घराबाहेर ठेवणं एकट्याला जमत नाही. जुन्या फरशीच्या फळ्यांच्या मागे काळा, डांबरी चिकट थर असेल तर तो घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी नमुना तपासून घ्या.

ताजी भुकटी दोन-तीन फळ्यांत दिसली आणि त्या घरातल्या लाकडाला लागून ठेवलेल्या होत्या, तर कीटकनियंत्रणवाला बोलवा. फळ्यांपुरता प्रश्न राहिला आहे का, हे त्याला पाहू द्या.

लाकूड कोरीव असेल, त्यावर हाताच्या जुन्या रंध्याच्या किंवा वाकसाच्या खुणा असतील, तर जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या जाणकाराला विचारल्याशिवाय काहीही काढू नका. अशा फळीचं मोल त्या झिजलेल्या थरातच असू शकतं, आणि तो परत लावता येत नाही. मी एक चौकट अशी 'स्वच्छ' केली आहे. अजून ती कोणाला दाखवत नाही.

आणि जवसाच्या तेलाचे बोळे रात्री ढिगात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. उघडून, एकेरी पसरून बाहेर वाळत घाला.